पुरणपोळीत गूळ नसतो

एका गावात एक गुऱ्हाळवाला राहत होता आणि त्याच्या दारात एक घोडा होता. इथून पुढची गोष्ट गोडीगुलाबीनं सांगावी असं दरवेळी ठरतं, पण सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. फिरलं तर फिरू दे. मुलांनो, तुम्ही नीट ऐका. आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण या गोष्टीत लहान मुलांनी काहीच चुकीचं केलेलं नाही.

घोड्याचं नाव होतं पाखऱ्या. गुऱ्हाळवाल्यानं नवीन नवीन धंदा सुरू केला तेव्हा गावाला धड रस्ता नव्हता. गुळाच्या ढेपा पाठीवर घेऊन पाखऱ्या डोंगर चढायचा, पलीकडच्या बाजारात माल पोचवायचा आणि दिवस मावळायच्या आत परत यायचा. चालताना त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यायची, म्हणून लोकांनीच त्याला ते नाव दिलं होतं. पावसाळ्यात वाट निसरडी झाली की बैल मागे सरत, पण पाखऱ्या कधी मागे सरला नाही.

पुढे रस्ता झाला, गाड्या आल्या. गुऱ्हाळवाला म्हणाला, "ज्यानं मला वर काढलं त्यानं आता बसून खावं." विचार चांगला होता. माणसाचं मन कृतज्ञ असावं, त्याला कोण नाही म्हणतं? पण घोडा बसून खात नाही, उभा राहून खातो, आणि चालण्यासाठी जन्मलेला असतो. एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

मग सुरू झालं खाणं. सकाळी वाटीभर काकवी. दुपारी भिजवलेले हरभरे. संध्याकाळी गुळाचा खडा. मध्येमध्ये उसाचं हिरवंगार वाढं. हे झालं घरचं. शिवाय गुऱ्हाळावर माणसांचा राबता. कुणी रस प्यायला येई, कुणी चुलवणापाशी हात शेकायला, कुणी नुसतं बसायला. आणि येणारा प्रत्येक जण पाखऱ्याच्या तोंडात काहीतरी कोंबून जाई. विचारलं तर म्हणत, "एकच घास दिला की." खरंच प्रत्येक जण एकच घास देत होता. पण गाव मोठं होतं आणि घोडा एक होता.

पाखऱ्या फुगला. पाठीवर मधोमध पन्हळ पडली, पाणी ओतलं तर त्यात साचून राहावं अशी. आयाळीखाली मानेवर चरबीचा टणक वळ उठला. लोक कौतुकानं म्हणत, "काय अंगानं भरलाय! खात्यापित्या घरचा दिसतो."

एकदा एक परगावचा गाडीवान रस प्यायला थांबला. त्यानं घोड्याकडं पाहिलं आणि सरळ बोलून गेला, "लई जाड झालाय वो ह्यो. बरं न्हवं."

गुऱ्हाळवाल्याची बायको ते ऐकून गारठली. घोड्याला दृष्ट लागली, तीसुद्धा भर दुपारी. तिनं लगबगीनं मीठमोहऱ्या आणल्या, पाखऱ्यावरून ओवाळल्या आणि चुलवणात टाकल्या. त्या तडतडल्या. "बघा, केवढी लागली हुती," ती म्हणाली, आणि उतारा झाला म्हणून घोड्याचं तोंड गोड केलं. कशानं? गुळानं.

त्यानंतर ही रीतच पडली. कुणी म्हटलं घोडा सुटलाय, की काढली दृष्ट आणि दिला गूळ. म्हणजे जितकी माणसं खरं बोलली तितका त्या मुक्या जनावराच्या पोटात जास्त गूळ गेला. आता मला सांगा, डोकं फिरेल की नाही?

एके दिवशी सकाळी पाखऱ्या दावणीपासून हलेना. गुऱ्हाळवाल्यानं दोर ओढला, तर त्यानं पुढचे पाय लांब टाकले आणि सगळा भार मागे घेतला, जणू पुढची जमीन तापलेली आहे. एक पाऊल टाकलं आणि थांबला. त्याच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. घोडा ओरडून सांगत नाही, पण ज्याला पाहायचं आहे त्याला दिसतं.

गुऱ्हाळवाला घाबरला. त्याचं घोड्यावर प्रेम होतं, यात खोट नव्हती. तो तालुक्याच्या गावी गेला आणि साळोत्र्याला घेऊन आला. घोड्यांच्या वैद्याला साळोत्री म्हणतात. हा साळोत्री राजाच्या पागेत शिकून तयार झालेला, पोथ्या वाचलेला आणि शेकडो घोडे हाताखालून घातलेला होता. फक्त त्याच्या जिभेला हाड नव्हतं. असे लोक वैद्य म्हणून फार चांगले असतात आणि पाहुणे म्हणून फार वाईट.

त्यानं आल्या आल्या पुढे केलेला रसाचा पेला बाजूला ठेवला. घोड्याच्या मानेवरचा वळ दाबला. बरगड्या चाचपल्या, पण त्या हाताला लागल्याच नाहीत. मग वाकून खुरांवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"खायला कोण घालतं याला?" त्यानं विचारलं.

"मीच की," गुऱ्हाळवाला म्हणाला.

"आन् मी," बायको म्हणाली.

कुडापलीकडून शेजाऱ्यांची डोकी वर आली. "आमी बी देतो कवातरी."

"त्याला भूक लागलेली असते म्हणून देता?"

"न्हाई," शेजारी म्हणाला, "त्यो मान हलवतो, बरं वाटतं."

"कुणाला बरं वाटतं?" साळोत्र्यानं विचारलं. मग तो गुऱ्हाळवाल्याकडं वळला. "घोडा लठ्ठ झालाय. नुसता लठ्ठ नाही, आजारी पडण्याइतका लठ्ठ. गोडाचा विकार त्याच्या खुरांत उतरलाय. तुमच्या नखाखाली निखारा ठेवला तर कसं वाटेल, तसं त्याला उभं राहताना वाटतंय. आता मी सांगतो ते ऐका आणि जसंच्या तसं करा."

आणि त्यानं सांगितलं. गूळ बंद. काकवी बंद. हरभरा बंद. हिरवं वाढं बंद. वाळलेलं डोंगरी गवत आणायचं, स्वच्छ पाण्यात भिजत घालायचं, मग ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे गवतातलीही गोडी उतरते. ते जाळीच्या झोळीत भरून टांगायचं, म्हणजे घोडा एकेक काडी ओढत सावकाश खाईल. गवत दिवसभरात थोडं थोडं, मापानं, पण पोट कधी रिकामं ठेवायचं नाही. "उपाशी मारू नका," तो दोनदा म्हणाला. "लठ्ठ घोडा एकदम उपाशी ठेवला तर त्याची चरबीच त्याला मारते." खुरांची आग शमेपर्यंत पायाखाली नदीची मऊ वाळू. मग रोज थोडं चालणं, पुढे वाढवत न्यायचं.

"आणि शेवटचं," साळोत्री म्हणाला. "याला एकाच हातानं खायला घालायचं. दुसरा हात घोड्याच्या तोंडापाशी दिसता कामा नये. कुणाचा हात ते तुम्ही ठरवा."

तो गेला. त्याची गाडी वळणाआड होते न होते तोच बायकोनं मीठमोहऱ्या आणल्या. "मेल्यानं तोंडावर लठ्ठ म्हटलं," ती पुटपुटली, आणि वैद्याचीच दृष्ट घोड्यावरून काढली. मग सवयीनं हात गुळाच्या मडक्यात घातला. खडा घेऊन पाखऱ्यापाशी आली. पण काय झालं कुणास ठाऊक, देण्याआधी ती खाली वाकली आणि साळोत्र्यानं हात लावला होता तिथं तिनंही हात लावला. खूर चुलवणाच्या भिंतीसारखं तापलेलं होतं. ती तशीच खाली बसली. पाखऱ्यानं मान हलवून खडा मागितला. तिनं तो पुन्हा मडक्यात टाकला.

"त्यो एक हात माझा," तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली.

एवढं झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण गाव होतं ना. गावात ज्यानं कधी तट्टूसुद्धा पाळलं नव्हतं, तोही घोड्यांचा जाणकार निघाला. "माझ्या आज्याचा घोडा पायलीभर हरभरं खायचा, त्याला काय झालं न्हाई." "वैद्य लोकांना घाबरवल्याबिगर चैन पडत न्हाई." "वाळकं गवत भिजवून खायाला घालत्यात व्हय कुठं?" आणि बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या, "दारात गुळाचं डोंगर हायती, आन् मुक्या जिवाला पाचोळा. काय बाई काळीज."

ती सगळं ऐकायची आणि गवत भिजवायची. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. मी असतो तर दिलं असतं.

हळूहळू खुरं निवली. मानेवरचा वळ मऊ पडला. बरगड्या दिसत नव्हत्या, पण हाताला लागू लागल्या. पाखऱ्या वाळूतून चालू लागला, आधी कुडापर्यंत, मग ओढ्यापर्यंत. एकदा तर ओढ्याकडून येताना त्यानं शेपूट उंच केलं आणि फुरफुरला. तिनं ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटेल तो दुष्ट होता. दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाला निदान ओळखता येतं.

मग दसरा आला.

त्या गावात एक प्रथा होती. गावात घोडा एकच, म्हणून दसऱ्याला सगळं गाव त्याची पूजा करायचं. झेंडूची माळ, कपाळाला कुंकू आणि प्रत्येक घरातून एक पुरणपोळी. घोड्यानं प्रत्येकाच्या ताटातला घास घेतल्याशिवाय गाव सोनं लुटायला सीमेवर जात नसे. यंदाही ताटं घेऊन सगळे गुऱ्हाळवाल्याच्या अंगणात आले. सगळ्यांत पुढे देवळातला गुरव होता.

बायको दावणीसमोर उभी राहिली. "पूजा करा. माळ घाला. घास न्हाई."

अंगणात कुजबुज झाली. गुरव हसून म्हणाला, "वैनी, वैद्यबुवांनी काय काय बंद केलंय?"

"गूळ, काकवी, हरभरा, हिरवं वाढं."

"पुरणपोळीचं नाव घेतलं हुतं?"

"न्हाई, पर..."

"मग झालं तर. वैद्य काय खुळा हाय व्हय? बंद करायची असती तर नाव घेतलं असतं की."

"गुरवदादा, पुरण कशाचं करत्यात?" तिनं विचारलं.

गुरवानं हातातलं ताट सावरलं. मग म्हणाला, "पुरण पुरणाचं करत्यात. नैवेद्य दावला की त्यो परसाद. परसादात डाळ आन् गूळ बघायचा नसतो."

आणि मुलांनो, सबंध अंगणानं माना डोलावल्या. ज्या बायांनी पहाटे उठून हरभऱ्याची डाळ शिजवली होती, तीत गूळ घालून आटवला होता, ते पाट्यावर वाटून काढलं होतं, त्यांनीसुद्धा माना डोलावल्या. पुरणपोळीत गूळ नसतो, हे त्या दिवशी एका गावानं एकमतानं ठरवलं. शहाण्या माणसांनी एकत्र येऊन ठरवलेला मूर्खपणा किती भक्कम असतो, ते तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हाला कळेलच.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. आता सगळं त्याच्यावर होतं. त्यानं नुसतं "नाही" म्हणायचं होतं. मराठीतला केवढासा शब्द. पण समोर गाव उभं होतं, ताटं होती, सण होता. गुऱ्हाळवाल्याला घोड्यापेक्षा गाव जड झालं.

"सणाच्या दिवशी आडवी येऊ नकोस," तो बायकोला म्हणाला. "एका दिसानं काय हुतंय. हो बाजूला."

लोक हसले. ती बाजूला झाली. एकामागून एक ताट पुढे आलं आणि पाखऱ्यानं प्रत्येक ताटातला घास खाल्ला. त्याला दोष देऊ नका. तो घोडा होता. अक्कल बाकीच्यांना होती.

दसरा सरला आणि पाखऱ्या आडवा झाला. उठवायला गेलं की थरथरायचा आणि पुन्हा पडायचा. चारी खुरं पेटल्यासारखी झाली होती. घामानं माती भिजली होती. लोक जमले. काल ज्यांच्या हातात ताटं होती ते आज हात मागे घेऊन उभे होते.

गुरव म्हणाला, "अजीर्ण झालंय. लंघन घाला. दाणा न्हाई, गवत न्हाई, काई न्हाई." आणि गुऱ्हाळवाल्यानं तेही ऐकलं. साळोत्र्यानं दोनदा सांगितलेलं तो विसरला आणि गुरवानं एकदा सांगितलेलं लगेच केलं. त्यानं गवताची झोळी काढून नेली.

बायकोनं पायांत वहाणा घातल्या आणि कुणालाही न विचारता तालुक्याची वाट धरली. साळोत्री घरी जेवायला बसला होता. तिनं दारातूनच सगळं सांगितलं, स्वतःच्या नवऱ्याला पाठीशी न घालता. तो ताटावरून उठला.

गाडीतून उतरून त्यानं पहिल्यांदा गवताची झोळी परत टांगली, पाखऱ्याच्या तोंडाला लागेल अशी, खाली. आणलेलं औषध दिलं, खुरांवर गार पाण्याच्या पट्ट्या बांधल्या. मग तो गुऱ्हाळवाल्याकडं वळला. माणसं ऐकत होती, त्याची त्यानं पर्वा केली नाही.

"गुऱ्हाळावर रसाची काहील कधी उतरवायची, हे कोण ठरवतं?"

"मी," गुऱ्हाळवाला म्हणाला. "गुळव्या मीच हाय."

"पाक उकळतोय आणि गुरव येऊन म्हणाला, राहू दे अजून थोडी, तर?"

"त्यास्नी काय कळतंय त्यातलं? पाक करपंल."

"शेजारी म्हणाला, आत्ताच उतरवा, माझ्या आज्यानं अशीच उतरवली होती, तर?"

"हाकलून दीन."

"आणि सगळं गाव येऊन म्हणालं, आज सण आहे, आज काहिलीत प्रत्येकाचा एकेक हात घालू द्या, तर?"

गुऱ्हाळवाल्यानं पाखऱ्याकडं पाहिलं.

"गूळ बिघडू नये म्हणून तुम्ही गावाला हाकललं असतं," साळोत्री म्हणाला. "मग हा तर जीव होता. याच्यात सगळ्या गावाचे हात कसे घालू दिलेत? ऐकायचं गुरवाचंच होतं, तर मला विचारायला आलात कशाला? मी इतकी वर्षं घोड्यांत घालवली ती काय तुमच्या अंगणात एक मत जास्त पडावं म्हणून?"

गुरव पुढे झाला. "वैद्यबुवा, परसाद हुता त्यो. देवानं..."

"देवाला मध्ये आणू नका," साळोत्री म्हणाला. "देवानं दोनदा सांगितलं होतं. एकदा माझ्या तोंडून, एकदा या बाईच्या."

गुऱ्हाळवाला हात जोडून म्हणाला, "मला आता नवीन काय सल्ला द्या. तुमी म्हणाल ते करीन."

"नवीन सल्ला नाही माझ्याकडं. तोच आहे. वाळलेलं गवत आणि एक हात."

"जगंल का त्यो?"

साळोत्र्यानं अंगणातल्या गर्दीकडं पाहिलं. "या गावात नाही जगणार. इथं त्याच्यावर फार माया आहे."

तो पाखऱ्याजवळच राहिला. गुऱ्हाळाच्या छपरात मुक्काम ठोकला आणि हातात काठी घेऊन बसला, कारण तशातही एक म्हातारी पदराखाली पोळी लपवून आली होती. पाखऱ्या सुदैवानं उठला. लटपटत उभा राहिला, मग काही दिवसांनी वाळूत पाय टाकू लागला. तेव्हा साळोत्री गुऱ्हाळवाल्याला म्हणाला, "मी याला तालुक्याला माझ्या पागेत नेतो. देणार असाल तर कायमचा द्या. परत मागायला येऊ नका. नाही द्यायचा तर ठेवून घ्या आणि खड्डा खणून ठेवा."

पाखऱ्याशिवाय दार गुऱ्हाळवाल्यानं कधी पाहिलंच नव्हतं. पण त्यानं दावणीचा दोर सोडला आणि साळोत्र्याच्या हातात दिला. त्या माणसानं या सबंध गोष्टीत केलेली ही एकच शहाणी गोष्ट.

गाव पुन्हा जमलंच. "गावचा घोडा असा कसा देताय? पुढच्या दसऱ्याला पूजा कुणाची करायची?" शेजारी म्हणाला, "बिचाऱ्याला दृष्ट लागली कुणाची तरी."

तेव्हा गुऱ्हाळवाला जन्मात पहिल्यांदा गावावर ओरडला. "दृष्ट न्हाई लागली. हात लागलं. तुमचं हात, आन् सगळ्यांत आधी माझा. सरा बाजूला."

लोक सरले. मनात राग धरून सरले, पण सरले. साळोत्री पाखऱ्याला नदीच्या वाळूतून सावकाश घेऊन गेला.

उन्हाळा येऊन गेला. गुऱ्हाळवाल्याला राहवेना. तो आणि त्याची बायको तालुक्याला निघाले. पागेच्या फाटकाशी आल्यावर बायको थांबली आणि म्हणाली, "बंडीच्या खिशात काय हाय?"

"काई न्हाई."

"दावा."

त्यानं खिशातून गुळाचा खडा काढला. चांगला पिवळाधमक, स्वतः निवडून आणलेला. "एवढाच," तो म्हणाला. "वळखायला पायजे की मला त्यानं."

"तुमीच खावा," ती म्हणाली. आणि तो सबंध खडा त्याला तिथंच उभं राहून खायला लावला. मग त्याचे हात पाण्यानं धुवायला लावले.

पागेच्या मागं मोकळं रान होतं. तिथं पाखऱ्या उभा होता. उन्हात त्याचं अंग चकाकत होतं, पोट आत गेलेलं होतं, मान पहिल्यासारखी लांब दिसत होती. गुऱ्हाळवाल्यानं हाक मारली. पाखऱ्यानं कान टवकारले आणि जवळ आला. त्यानं गुऱ्हाळवाल्याचा एक तळवा हुंगला. दुसरा हुंगला. मग बंडीचा खिसा हुंगला. कुठंच काही नव्हतं. त्यानं मान हलवली, वळला आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या गवताच्या झोळीकडं निघून गेला.

गुऱ्हाळवाल्याचे डोळे पाण्यानं भरले. रागही आला. "बघितलंस?" तो म्हणाला. "एवढा जीव लावला, आन् हात रिकामा दिसला तर उभा बी राहिला न्हाई."

"अवो," बायको म्हणाली, "पळत गेला त्यो. तुमी बघितलं न्हाई का? पळत गेला."

तात्पर्य: जाणत्याला विचारायचं तर त्याचं ऐकायचं, नाहीतर विचारायला जायचंच नाही. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी सगळ्या गावापुढे "नाही" म्हणता येत नसेल, तर त्या मायेचा घास आपल्याच तोंडात घालावा, दुसऱ्याच्या नव्हे.